चतुर दिसला नाही

२१ जून, शनिवार. सकाळी

आजपासून नियमित लिहायचं. मोजकं आणि खरं. बाबांच्या शाळेचा पहिला नियम होता: डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. बाबांची शाळा म्हणजे ईडन प्रेरीच्या घरातलं डायनिंग टेबल. दर वर्षी 'या वर्षी मायदेशी परत जायचंच' असं ठरायचं, मग इथल्या शाळेत कशाला घाला, म्हणून पाचवीपर्यंत मी घरीच शिकले. परत काही गेलो नाही. रेडमंडला आलो. पण पाया पक्का झाला.

नीनाताईंच्या कीटक-निरीक्षण ग्रुपकडून मला लक्ष ठेवायला एक ओढा मिळाला आहे. नीनाताई इथेच जन्मलेल्या. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत दमतात आणि इंग्लिशमध्ये उतरतात. पण चतुरांबद्दल, म्हणजे ड्रॅगनफ्लायबद्दल, त्यांना विचारावं. ओढा कॅस्केडच्या डोंगरात आहे. काठच्या उतारावरून ट्रेल, म्हणजे पायवाट, जाते. तिथे बारा महिने ओल असते, लोकांचे बूट बुडतात, म्हणून ट्रेलवाले चर खणून ते पाणी काढून टाकणार आहेत. पण तिथे ब्लॅक पेटलटेल हा काळा चतुर राहतो असं सिद्ध झालं, तर ट्रेल वरून वळवतील. त्यांच्या कमिटीची मीटिंग ३१ जुलैला. तोपर्यंत फोटो पाहिजे. फोटो नाही तर चर.

मी नीनाताईंना सांगितलं, दोन शनिवार पुरेत. त्या म्हणाल्या, तीन धर. मी नम्रपणे हसले.

ड्राइव्ह बाबा करतील. मला येतं, पण डोंगरात वळणं आहेत आणि निरीक्षणासाठी मन ताजं लागतं.

२१ जून. संध्याकाळी

चतुर दिसला नाही. पहिला दिवस. अपेक्षितच होतं.

मी ओढ्याकाठी खडकावर बसले. गडद हिरवं जॅकेट, हिरवी टोपी. अजिबात हालचाल नाही. बाबांच्या शाळेचा दुसरा धडा: चतुर माणसाजवळ येत नाही. माणूस दिसला की पळतो. बाबा लहानपणी नाशिकला होते, चतुरांच्या मागे दुपारभर पळायचे. त्यामुळे त्यांना हे अनुभवानं माहीत आहे. म्हणून बाबांना लांब बसवलं, वरच्या उतारावर, जिथे ऊन येतं. फोल्डिंगची खुर्ची, थर्मास, आणि आईनं सेलमध्ये घेतलेली पांढरी कापडी टोपी. पांढरे कपडे मीच घालायला सांगितले. डास गडद रंगावर येतात. मला चावले तरी चालतील, त्यांना नको.

येताना बाबा म्हणाले, उतारावर माशा फार आहेत गं. मी म्हणाले, पुढच्या वेळी स्प्रे आणू.

२४ जून, मंगळवार

ऑफिसमध्ये लंचच्या वेळात विचार केला. ब्लॅक पेटलटेलला मराठी नाव नाही. हे योग्य नाही. शोधणाऱ्यानं नाव द्यायला हवं. नराच्या शेपटीच्या टोकाला फुलाच्या पाकळीसारखे दोन चपटे भाग असतात. 'काळा पाकळशेपट्या'. आईला सांगितलं. आई म्हणाली, ही शिवी वाटते. 'कृष्णदल'. बाबा म्हणाले, हे शाखेचं नाव वाटतं. दोघांनी मिळून हसून घेतलं. मी चिडले नाही. फक्त जेवण खोलीत नेलं.

नाव शेवटी 'काळा पाकळशेपट्या' असंच ठेवलं. आता फक्त तो सापडायचा राहिला.

२८ जून, शनिवार

चतुर दिसला नाही.

टाचणी दिसली, निळी. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. बसली की पंख मिटते. चतुर पंख पसरूनच बसतो. पाच वर्षांची असताना हे पाठ झालं, अजून एकदाही चुकलेलं नाही. मात्र टाचणीला पाहून नीनाताई खूश होणार नाहीत.

ओढ्यावर लक्ष ठेवून बसले असताना बाबा उतारावरून हाक मारत होते. मी हात वर करून गप्प बसायची खूण केली. पुन्हा हाक. वर गेले तर म्हणतात, मोठी गोमाशी आहे, सारखी टोपीवर येऊन बसते. मी पाहिलं तेव्हा टोपीवर काही नव्हतं. बाबांना सांगितलं, गोमाशी असेल तर पळवून लावा, त्यासाठी मला उठवू नका, मी उठले की चतुर घाबरतात. ते म्हणाले, कुठले चतुर? असा प्रश्न विचारायला नको होता.

निर्धार: पुढच्या शनिवारी एकटी ड्राइव्ह करत जाणार.

२ जुलै, बुधवार

गडबड माझ्या लक्षात आली. चतुरांचं पुस्तक पुन्हा वाचलं. पाकळशेपट्या वाहत्या ओढ्यात वाढतच नाही! त्याची पिल्लं ओढ्याच्या बाजूला, जिथे उतारातून पाणी पाझरतं, शेवाळ असतं, तिथल्या चिखलात बिळं करून राहतात. एकेक पिल्लू कित्येक वर्षं. ओल गेली की सगळं बीळ कोरडं, पिल्लू आत वाळून संपतं. म्हणजे ज्या उतारावर चर खणणार, तोच त्याचा खरा पत्ता.

आणि तिथे बाबांनी खुर्ची टाकली आहे.

बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मग मी बरोबर जागी बसलो होतो की. मी म्हणाले, बसायला बरोबर, निरीक्षणासाठी चूक. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. ते ताक पीत होते.

पुस्तकात एक विचित्र ओळ आहे: 'हा चतुर बरेचदा माणसांच्या अंगावर येऊन बसतो.' लेखकाची गंमत असावी. माझ्या अंगावर दोन शनिवारांत डासांखेरीज कोणी बसलेलं नाही.

५ जुलै, शनिवार

एकटी जाणार होते. पण लाँग वीकएन्डचा ट्रॅफिक. अशा दिवशी नवीन सुरुवात करणं बेजबाबदारपणाचं. बाबांनी ड्राइव्ह केलं.

आज उताराचे फोटो काढले, अधिवासाच्या नोंदीसाठी. शेवाळ, पाझर, बोटभर रुंदीची बिळाची तोंडं (बहुतेक बिळंच. हात लावून पाहिलं नाही, पिल्लाला त्रास नको). छान फोटो आले असते. पण प्रत्येकात बाबा! एकात थालीपीठ खाताना, एकात डोळे मिटून, एकात टोपी झटकताना. बाजूला व्हा म्हटलं की दोन पावलं सरकतात आणि पुन्हा फ्रेममध्ये. फोटो काढला की लगेच क्रॉप करून बाबांना काढून टाकते. वैज्ञानिक फोटोत थालीपीठ नको.

बाबांची गोमाशी आजही आली. म्हणाले, चावत नाही गं ती, नुसती बसते. मी सांगितलं, गोमाशी चावतेच. तुम्हाला कळलं नसेल. ते म्हणाले, चावल्याचं मला कळणार नाही? मी विषय वाढवला नाही. वय झालं की त्वचा कमी संवेदनशील होते.

मानेला, हाताला, टोपीला स्प्रे मारून दिला. चांगला भरपूर. टोपी मात्र बाबांनी लगेच ओढ्यात धुऊन टाकली. म्हणाले, या वासानं मीच मरेन.

चतुर दिसला नाही.

९ जुलै, बुधवार

नीनाताईंचा फोन. कसं चाललंय विचारलं. मी म्हणाले, पद्धत आता पक्की झाली आहे. त्या म्हणाल्या, पद्धत नको, फोटो दे. मी म्हणाले, न दिसणं हीसुद्धा माहिती असते. त्यावर त्या म्हणाल्या, वैदेही, स्वीटी, कमिटी त्या माहितीवर चर खणेल.

त्यांनी सुचवलं, लाइट कलर घाल, उन्हात शांत बस, ते कधीकधी लोकांवर लँड होतात. म्हणजे त्यांनीही तेच पुस्तक वाचलं आहे. चुका अशाच पसरतात. मी वाद घातला नाही. मोठ्या आहेत. पण मनात म्हटलं, नाशिकच्या एका शाळकरी मुलाला जे कळलं होतं ते यांना कळू नये.

फोन ठेवल्यावर दार बंद केलं का ते दोनदा पाहिलं. ही सवय मी सोडली आहे, आज फक्त खात्री केली.

१२ जुलै, शनिवार

चिडले नाही. हे आधी लिहून ठेवते.

बाबा उतारावरून उठायला तयार नाहीत. म्हणे, ऊन तिथेच आहे, खाली ओढ्याकाठी त्यांचे गुडघे धरतात. मी उतारावर त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर झुडपामागे बसले. तोंड ओल्या जागेकडे, पाठ बाबांकडे. झुडपाच्या दोन फांद्या टोपीत खोचल्या. श्वासही हळू घेतला. हात हलायला नको म्हणून फोन मागच्या खोडाला टेकवून टायमरवर लावला.

बाबा मागून बोलतात: आली बघ. मी: श्श. बाबा: अगं टोपीवर बसलीय, पंखांचा आवाज येतोय, फडफड. मी: बाबा, प्लीज. बाबा: बरं. मग पाच मिनिटांनी: गेली.

एक बाई कुत्रा घेऊन ट्रेलवरून आली. मला पाहून दचकली, कारण फांद्या. बाबांनी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं, माय डॉटर इज लुकिंग फॉर अ ड्रॅगनफ्लाय. ती म्हणाली, हाउ लव्हली. बाबा म्हणाले, येस, फोर सॅटर्डेज. हे सांगायची गरज नव्हती.

चतुर दिसला नाही. टायमरनं आठ फोटो काढले, आठही क्रॉप केले.

१६ जुलै, बुधवार

ऑफिसमध्ये माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांच्या चुका सापडतात म्हणून माझं नाव आहे. आज मॅनेजर म्हणाला, यू नेव्हर मिस अ थिंग. मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन आले. ॲलर्जीचा सीझन आहे.

सतत मनात ती बिळं येतात. आत कोणी तरी चार वर्षं वाढतंय आणि वर मी फांद्या खोचून बसले आहे. त्याला माहीतही नाही की त्याचं घर माझ्यावर अवलंबून आहे. कुणी अशा माणसावर अवलंबून राहू नये. म्हणजे माझ्यासारख्या नव्हे. एकुणात.

१९ जुलै, शनिवार

बाबांना गाडीत बसवलं. पार्किंगमध्ये, झाडाखाली, थर्मास आणि पेपर देऊन. त्यांच्यामुळेच चतुर येत नव्हता, हे आता माझ्या लक्षात आलं आहे. एवढा मोठा पांढरा माणूस उन्हात बसलेला, कोण येईल? नाराज झाले नाहीत. म्हणाले, तुझी शाळा, तुझे नियम.

आज उतार पूर्णपणे मोकळा. आदर्श परिस्थिती. स्वच्छ ऊन. मी हिरव्या जॅकेटमध्ये.

काहीही आलं नाही. मुंगीसुद्धा आली नाही.

परत आले तर बाबा गाडीबाहेर काच पुसत उभे. म्हणाले, तुझी गोमाशी इथेही आली होती गं, काचेवरून उठून माझ्या पाठीवर. मी म्हणाले, माझी नाही, तुमची. परत येताना बाबांनी गाडीत जुनी गाणी लावली होती, ती मीच बंद केली.

२६ जुलै, शनिवार

शेवटचा शनिवार.

एकटी निघाले. हायवेच्या रॅम्पपर्यंत गेले. मागे एक ट्रक होता. उजवीकडे वळून, ग्रोसरीच्या पार्किंगमधून फिरून परत आले. तशी कोथिंबीर होतीच आणायची. बाबा बूट घालूनच दारात उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे जास्त राग आला.

डोंगरात ढग. चतुर ऊन नसलं की उडत नाहीत. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग एकदम ऊन पडलं, आणि मी उठून कॅमेरा लावला, आणि फ्रेममध्ये बाबा. गाडीतून खुर्ची घेऊन कधी आले कळलंच नाही. मी ओरडले. म्हणाले, बाबा, तुम्ही दर वेळी मध्ये येता! माझ्या प्रत्येक फोटोत तुम्ही! मला एकटीला काही करूच देत नाही!

ओढ्याच्या आवाजातही ते खूप मोठ्यानं ऐकू गेलं. बाबांनी टोपी नीट केली. म्हणाले, अगं, मी डबा द्यायला आलो होतो. तू सकाळपासून खाल्लं नाहीस.

डब्यात दशम्या होत्या. खाल्ल्या. चव लागली नाही.

शेवटचे फोटो काढले. क्रॉप केले नाहीत. शक्तीच नव्हती.

चतुर दिसला नाही.

२९ जुलै, मंगळवार

नीनाताईंना खरं सांगितलं. सहा शनिवार, शून्य चतुर. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, आय नो, हनी. 'हनी' म्हणाल्या की काम संपलं असं समजायचं.

म्हणाल्या, निदान उताराचे फोटो पाठव, ओरिजिनल, क्रॉप नको, कमिटीला जागेचा अंदाज आला पाहिजे. क्रॉप केलेल्यांचे मूळ फोटो फोनमध्ये होतेच, न बघता सगळे पाठवले. सोबत लिहिलं: प्रत्येक फोटोत माझे वडील आहेत, क्षमस्व.

बाबांशी बोलायला हवं. उद्या बोलेन. आज ते लवकर झोपले. म्हणजे दिवा बंद होता.

३० जुलै, बुधवार

ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना नीनाताईंचा फोन. मग पुन्हा. मग मेसेज: कॉल मी नाऊ.

जिन्यात जाऊन फोन केला. त्या किंचाळत होत्या. आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत, मग दोन्ही मिळून. म्हणाल्या, वैदेही, तुझ्या बाबांच्या टोपीवर काय आहे?

मी म्हणाले, गोमाशी.

त्या म्हणाल्या, झूम कर.

झूम केलं. पांढऱ्या टोपीवर, पंख सपाट पसरून, काळा, अंगावर पिवळे ठिपके, दोन डोळे एकमेकांपासून लांब. पुस्तकातल्यासारखा. पुस्तकापेक्षा मोठा. थालीपीठाच्या फोटोत टोपीवर. डोळे मिटलेल्या फोटोत खांद्यावर. टोपी झटकतानाच्या फोटोत हवेत. १२ जुलैच्या फोटोंमध्ये तर दोन आहेत, एक टोपीवर, एक खुर्चीच्या पाठीवर, आणि कडेला माझी टोपी, फांद्यांसकट, दुसरीकडे तोंड केलेली.

मी जिन्यात बसले.

नीनाताईंना म्हणाले, पण मी पाहिला नाही. नियमाप्रमाणे निरीक्षण माझं धरता येणार नाही. माझ्या फोटोत तो आहे, पण मी तो पाहिलेला नाही, मी बाबांना काढून टाकत होते. नीनाताई म्हणाल्या, तुला वेड लागलंय का, फोटो कमिटीकडे गेलासुद्धा. मी विचारलं, निरीक्षकाच्या जागी काय लिहिलं? म्हणाल्या, तुझं नाव. मी म्हणाले, खोटं आहे. त्या म्हणाल्या, वैदेही, गो टू वर्क.

३१ जुलै, गुरुवार

ट्रेल वरून वळणार. चर होणार नाही. नीनाताईंनी मीटिंगमधून मेसेज केला. पडद्यावर बाबांचा थालीपीठ खातानाचा फोटो लावला होता, आणि एका मेंबरनं विचारलं म्हणे, की हे गृहस्थ त्या जागेवर कायम असतात का.

बिळातल्यांची घरं शाबूत राहिली. मला आनंद झाला आहे. आनंद झाल्यावर इतकं विचित्र वाटतं हे मला माहीत नव्हतं.

बाबांना फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, म्हणजे हा चतुर होता? आणि मी सहा शनिवार याला हाकलत होतो? मग म्हणाले, सॉरी गं. मी म्हणाले, सॉरी मी म्हणायचं आहे. आई म्हणाली, आधी जेवा, मग काय ते सॉरी सॉरी खेळा.

मग मी विचारलं, चतुर माणसाजवळ येत नाही हा धडा तुम्ही का शिकवलात? तसंच होतं म्हणाले, नाशिकला एकसुद्धा जवळ यायचा नाही. मग म्हणाले, आम्ही पकडून त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो ना. इथल्यांना कुणी बांधला नसेल.

२ ऑगस्ट, शनिवार

फोटो ठीक आहे, पण पाहिलं नाही ते नाहीच. म्हणून आज गेलो. नियमासाठी. ड्राइव्ह बाबांनी केलं. वळणं खरंच फार आहेत.

आज मी बाबांची पांढरी टोपी घातली, आईचा पांढरा कुर्ता घातला आणि बाबांच्या खुर्चीत, बाबांच्या उन्हात बसले. फांद्या नाहीत. बाबा झुडपामागे, माझं हिरवं जॅकेट अंगावर, हातात माझा फोन. ते त्यांना दंडाला फार घट्ट होत होतं, पण त्यांनी चेन लावली होती.

डबा उघडला. थालीपीठ. अर्धं खाऊन झालं असेल, मागून आवाज आला. कागद चुरगळल्यासारखा. आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, काहीतरी बसलं. वजन नव्हतंच जवळजवळ. पण होतं.

बाबा कुजबुजले, हलू नकोस. मी हलले नाही. म्हणाले, बसलाय बघ, केवढा मोठा, सुंदर आहे गं. मी ओठ न हलवता विचारलं, डोळे लांब लांब आहेत का? म्हणाले, चष्मा गाडीत राहिला. मी म्हणाले, फोटो काढा. म्हणाले, काढतोय. मान वळवायची फार फार इच्छा झाली. वळवली असती तर उडाला असता. नाही वळवली. बराच वेळ आम्ही तिघं तसेच होतो.

मग तो उडाला, माझ्या मागच्या बाजूनं, वर झाडांकडे. बाबा म्हणाले, पाहिलास?

गाडीत फोटो पाहिले. कॅमेरा उलटा लागला होता. सातही फोटोंत बाबांचं नाक आहे, अगदी जवळून, आणि हसू.

एकही क्रॉप केला नाही.

नियमाप्रमाणे आजची नोंद: चतुर दिसला नाही.